अग्राह्य म्हणजे खोटे नव्हे : नार्को चाचणी आणि पुराव्याचा कायदा

एखादा खळबळजनक गुन्हा घडला की ‘आरोपीची नार्को चाचणी करा’ अशी मागणी सुरू होते. पुढे न्यायालय त्या चाचणीचा अहवाल ‘अग्राह्य’ ठरवते, आणि विज्ञानाने शोधलेले सत्य कायद्याने नाकारले, असा समज पसरतो. या समजात ‘अग्राह्य’ या शब्दाचा अर्थच हरवलेला असतो. अग्राह्य म्हणजे खोटे नव्हे. निकाल देताना न्यायाधीशाने ज्याचा विचारच करावयाचा नाही, तो पुरावा अग्राह्य. पुरावा कितपत विश्वसनीय आहे, हा प्रश्न नंतरचा. तो विचारात घ्यावयाचा की नाही, हा प्रश्न आधीचा.

भारतात या प्रश्नाला जुना आणि वेदनादायक इतिहास आहे. मद्रास इलाख्यात महसूलवसुलीसाठी आणि गुन्ह्यांच्या तपासात होणाऱ्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने 1855 मध्ये आपला अहवाल दिला. कबुली मिळवण्यासाठी मारहाण आणि यातना हा तपासाचा नित्याचा भाग झाला होता, हे त्यातून उघड झाले. 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीजबाबास अग्राह्य ठरवणारा नियम आला. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी मसुदा केलेल्या 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमात तो कलम 25 म्हणून कायम राहिला. उन्हातान्हात फिरून पुरावा गोळा करण्यापेक्षा सावलीत बसून कैद्याच्या डोळ्यांत तिखट चोळणे पोलिसांना सोपे वाटते, अशा आशयाचा एका अधिकाऱ्याचा शेरा स्टीफन यांनी पुढे आपल्या ग्रंथात नोंदवला आहे. नियमामागचे कारण त्यात स्वच्छ दिसते. छळाने मिळालेली कबुली कधी खरीही असेल. परंतु ती स्वीकारली तर छळालाच किंमत मिळते.

या नियमाला कलम 27 ने एक मर्यादित अपवाद ठेवला. ताब्यातील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तुस्थिती उघडकीस आली, तर त्या शोधाशी स्पष्टपणे निगडित असलेला माहितीचा तेवढाच भाग सिद्ध करता येतो. ‘सुरा घराच्या छपरात लपवला आहे’ हे वाक्य ग्राह्य. ‘त्याच सुऱ्याने मी खून केला’ हे अग्राह्य. पुलुकुरी कोटय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ही सीमारेषा आखली, आणि ती आजही प्रमाण मानली जाते.

दरम्यान विज्ञानाने छळाविना सत्य काढण्याचे आश्वासन दिले. अमेरिकेतील टेक्सासचे प्रसूतितज्ज्ञ रॉबर्ट हाऊस प्रसूतीच्या वेळी स्कोपोलामाइन वापरत. त्या अर्धवट गुंगीत स्त्रिया प्रश्नांची उत्तरे देतात, हे त्यांच्या लक्षात आले, आणि 1922 मध्ये त्यांनी डल्लास येथील दोन कैद्यांवर हा प्रयोग केला. ‘सत्यद्रव्य’ ही कल्पना तेथून लोकप्रिय झाली. भारतात नार्को चाचणीसाठी प्रामुख्याने सोडियम पेंटोथाल वापरले गेले. हे मुळात भूल देण्याचे औषध आहे. ते मेंदूची क्रिया मंदावते. संकोच आणि सावधपणा कमी होतो, माणूस बोलू लागतो. पण बोलणे सैल होणे म्हणजे सत्य बोलणे नव्हे. गुंगीतील मनुष्य आठवणींत कल्पना मिसळतो, प्रश्नातच दडलेली सूचना उचलतो, आणि निर्धार असल्यास खोटेही बोलू शकतो.

तरीही 2000 नंतरच्या दशकात तपास यंत्रणांचा या चाचण्यांवरील भर वाढला. 2004 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या करण्यास मान्यता दिली. 2008 मध्ये पुण्यातील सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपीला दोषी ठरवताना मेंदूतील विद्युत-लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला, तेव्हा जगभरच्या वैज्ञानिकांचे लक्ष भारताकडे वेधले गेले.

निर्णायक उत्तर 5 मे 2010 रोजी आले. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदू-चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने घेणे म्हणजे अशी साक्ष नव्हे, असे अकरा न्यायमूर्तींनी काथी कालू ओघड खटल्यात 1961 मध्येच ठरवले होते. ठसा ही शरीराची खूण आहे. नार्को मात्र मनातील ज्ञान बाहेर काढते. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतंत्र पुरावा म्हणून ग्राह्य नाही, कारण उत्तरे देताना त्या व्यक्तीचे स्वतःवर जाणीवपूर्वक नियंत्रण नसते. मात्र स्वेच्छेने केलेल्या चाचणीच्या साह्याने पुढे काही वस्तू वा माहिती हाती लागली, तर ती कलम 27 च्या मार्गाने स्वीकारता येते.

1 जुलै 2024 पासून 1872 च्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. कबुलीजबाबाचा नियम आणि त्याचा अपवाद आता कलम 23 मध्ये एकत्र आहेत. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी निकालाचाच आधार घेऊन, जामिनाच्या सुनावणीत आरोपींच्या नार्को चाचण्यांचा प्रस्ताव स्वीकारणारा पाटणा उच्च न्यायालयाचा आदेश रद्द केला.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. चाचणी अचूक आहे का, हा प्रयोगशाळेचा प्रश्न; तिचे उत्तर उद्या बदलू शकेल. माणसाच्या मनात त्याच्या इच्छेविरुद्ध शिरण्याचा अधिकार राज्यसंस्थेला आहे का, हा दुसरा प्रश्न. तो उपकरण कितीही अचूक झाले तरी उरतोच. डोळ्यांतील तिखटाची जागा शिरेतील सुईने घेतली, म्हणून तो सुटलेला नाही.