जनरेट कॉइन्स : एका बटणाची गोष्ट

कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्यांचं आणि आता हे वाचणाऱ्यांचंही स्वागत. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधलं अडखळणं तेवढं काढलं.

आज इतिहास सांगणार आहे. शिवकाळाचा नाही, पेशवाईचा नाही. गोष्ट एका बटणाची आहे. अमरावतीत, अकोल्यात कुठेही चहाच्या टपरीवर उभा राहिलो आणि कोणाला कळलं की मी सॉफ्टवेअरवाला आहे, की एक प्रश्न हमखास येतो: "भाऊ, मोबाईलवर कॉइन निघते म्हणतात, ते खरं आहे काय?"

एका वाक्यात उत्तर देता येईल. पण ते वाक्य पटायला मागचं सगळं माहीत पाहिजे. शिवाय या गोष्टीत माझाही एक गुन्हा आहे, तोही सांगून टाकतो.

पहिलं बटण

३ जानेवारी २००९. सातोशी नाकामोतो हे नाव घेतलेल्या कोणीतरी बिटकॉइनचा पहिला ब्लॉक तयार केला. काही दिवसांनी सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि ते फक्त विंडोजवर चालायचं. त्यात 'ऑप्शन्स' नावाचा मेनू होता आणि त्यात एक ओळ होती: 'जनरेट कॉइन्स'. त्यावर टिक केली की तुमचा संगणक कामाला लागला. बस.

म्हणजे बघा, सामान्य माणसाला वापरता येईल असं मायनिंगचं ॲप ही नंतरची कल्पना नाहीच. सुरुवातच तिथून झाली. साधा घरचा कॉम्प्युटर, एक टिक, आणि ब्लॉक सापडला तर ५० बिटकॉइन.

संगणक नेमकं काय करतो? एक आकडा शोधतो. व्यवहारांच्या यादीला तो आकडा जोडून गणित केलं की उत्तर ठरावीक मर्यादेच्या खाली आलं पाहिजे. ओळखायची युक्ती नाही, नुसतं आकडे टाकून पाहत राहायचं. ज्याला आधी सापडला त्याला बक्षीस.

आता महत्त्वाचा भाग. जास्त लोक शोधायला लागले म्हणून जास्त कॉइन निघत नाहीत. साधारण दर दहा मिनिटांना एकच ब्लॉक, असं गणित सातोशीने बसवून ठेवलंय. दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे अंदाजे दोन आठवड्यांनी, नेटवर्क स्वतःच अवघडपणा कमी-जास्त करतं. विहिरीवर दहा मोटारी लावा नाहीतर शंभर, पाणी तेवढंच. फक्त प्रत्येकाच्या वाट्याला कमी.

हे एकदा समजलं की पुढची पंधरा वर्षं आपोआप समजतात. मायनिंग सोपं केलं की माणसं वाढतात, माणसं वाढली की प्रत्येकाची कमाई घटते. सोपं ॲप जितकं यशस्वी, तितकं ते आपल्याच ग्राहकाचं ताट रिकामं करतं.

टिकवरून गोदामाकडे

२०१० मध्ये लाझलो हान्येच या प्रोग्रामरने ग्राफिक्स कार्डावर मायनिंग करून दाखवलं. हाच तो माणूस, ज्याने २२ मे २०१० ला दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन दिले. गेम खेळायचं कार्ड साध्या प्रोसेसरच्या कितीतरी पट वेगाने आकडे टाकतं. घरच्या कॉम्प्युटरवाला एका झटक्यात मागे पडला.

मग लोक एकत्र आले. २०१० च्या शेवटी चेक प्रजासत्ताकातल्या मारेक पालाटिनसने पहिला पूल सुरू केला. सगळ्यांनी मिळून शोधायचं, सापडलं की कामाप्रमाणे वाटून घ्यायचं. आपल्याकडच्या सहकारी जिनिंगसारखंच. २०११ मध्ये जीयूआयमायनर आलं. आतले काळ्या पडद्यावरचे कमांड लपवून वर खिडकी आणि बटण देणारं. पण २०१३ मध्ये फक्त मायनिंगसाठीच बनवलेल्या चिप आल्या, आणि बिटकॉइनपुरता घरचा कॉम्प्युटर संपला. त्यानंतर खेळ स्वस्त वीज आणि मोठं गोदाम असणाऱ्यांचा. २०१६ मध्ये बिटकॉइनच्या मूळ सॉफ्टवेअरमधून मायनिंगचा भागच काढून टाकला.

तरी सोप्या बटणाची हौस गेली नाही. २०१४ मध्ये स्लोव्हेनियातून नाइसहॅश आलं. तुमचं कार्ड दुसऱ्याला भाड्याने, पैसे बिटकॉइनमध्ये. सोपं होतं, कारण तुमचं पाकीट तेच सांभाळायचे. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांच्याकडून सुमारे ४,७०० बिटकॉइन चोरीला गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॉइनहाइव्ह आलं. वेबसाइट उघडली की ब्राउझरच मोनेरो नावाचं कॉइन काढायला लागणार. याच्याइतकं सोपं काय असेल? बटणही दाबायला नको! आणि तिथेच घोटाळा झाला. विचारलंच नाही तर ती चोरी. हॅकर लोकांनी दुसऱ्यांच्या वेबसाइटवर हा कोड घुसवला, लोकांचे लॅपटॉप विनाकारण तापायला लागले. ८ मार्च २०१९ ला ते बंद झालं.

२०२१ मध्ये तर नॉर्टन या अँटिव्हायरसवाल्यांनीच आपल्या सॉफ्टवेअरमध्ये इथेरियमचं मायनिंग टाकलं. कमाईतले १५ टक्के त्यांचे, विजेचं बिल शंभर टक्के तुमचं.

आमचं ॲप

आता माझा गुन्हा. त्याच सुमारास कॉलेजच्या दोन मित्रांसोबत मीही एक मायनिंग ॲप बनवलं. कल्पना भारी वाटत होती. आपल्याकडे लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारी, गेम खेळणारी पोरं आहेत, त्यांच्याकडे ग्राफिक्स कार्ड आहे, रात्रभर ते रिकामं पडून असतं. एक बटण देऊ: 'सुरू'. बाकी सगळं ॲप बघेल. कार्ड ओळखेल, पूल निवडेल, पाकीट बनवेल.

पहिली अडचण अँटिव्हायरसची. विंडोज आमच्या ॲपला व्हायरस समजायचं, कारण चोरून मायनिंग करणारे व्हायरसही तोच कोड वापरतात. मग आम्ही सूचनांमध्ये लिहिलं, 'आधी अँटिव्हायरसमध्ये आमचं फोल्डर वगळा.' आज विचार करतो, साध्या माणसाला आम्ही काय शिकवत होतो? अनोळखी ॲपसाठी घराची कडी काढून ठेवायला.

दुसरी अडचण पाकिटाची. पाकिटाचे बारा गुप्त शब्द कागदावर लिहून ठेवा असं सांगितलं, तर बाराही जणांनी, म्हणजे आमचे बाराच वापरणारे होते, बहुतेकांनी स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवला.

तिसरी अडचण विजेची, आणि गुन्हा इथेच आहे. पडद्यावर कमाईचा हिरवा आकडा होता. त्याखाली मी अजून एक ओळ टाकली होती: 'वीज वजा जाता'. हिशोब साधा आहे. कार्डासकट कॉम्प्युटर २०० वॅट घेत असेल तर दिवसाला ४.८ युनिट, महिन्याला १४४. घरगुती विजेचे टप्पे असतात: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, मग ३०१ ते ५००, मग त्यावर. मायनिंगचे युनिट घरच्या वापराच्या डोक्यावर चढतात, म्हणजे वरच्या महाग टप्प्यात जातात. युनिटला सगळं धरून दहा रुपये पकडा, झाले १,४४० रुपये. मार्च २०२२ मध्ये हिरवा आकडा महिन्याला २,४०० दाखवायचा आणि खालची ओळ तो हजाराच्या आत आणायची.

मित्र म्हणाला, "ही ओळ पाहून कोणी ॲप ठेवणार नाही." मला पटलं. ती ओळ मीच काढली. एक मिनिटही लागला नाही.

बारा जणांतला एक माझा मामेभाऊ, दर्यापूरचा. आता दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातला तो पट्टा, जिथे जमिनीखालचं पाणी खारं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. कॉम्प्युटर तापायला लागला म्हणून भावाने कूलर त्याच्यापुढे लावला. दिवसरात्र. बोअरचं खारं पाणी, त्याचे बारीक तुषार, आणि दीड महिन्यात आतल्या पंख्यावर, बोर्डावर पांढरा थर.

त्यात एप्रिलच्या सुरुवातीला ३,००० डॉलरच्या वर असलेलं इथर जूनच्या मध्यात १,००० च्या आसपास आलं. मायनिंग तोट्यात गेलं होतं. पण आमच्या पडद्यावरचा आकडा लहान झाला तरी हिरवाच होता. वजाबाकीची ओळ असती तर ती लाल झाली असती आणि भावाने बटण बंद केलं असतं.

जूनमध्ये मामांचा फोन आला. "बाप्पा, मीटर धावून राह्यलं आमचं! तीन माणसांच्या घरात एवढं बिल येते काय?" ते वीज कार्यालयात जाऊन भांडूनही आले होते, मीटर तपासायचा अर्जही दिला होता. मी म्हटलं, "मामा, मीटर बरोबर आहे. चूक माझी आहे." त्यांना समजावून सांगायला अर्धा तास लागला. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मंग आधी काहून नाही सांगितलं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पेरणीचे दिवस होते, घरात पैशाची ओढ होती. बिलाचा फरक मी भरला, बोर्ड बदलून दिला. ॲप आम्ही त्याच आठवड्यात बंद केलं. तसंही १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगच बंद केलं, जगभरची ग्राफिक्स कार्डं एका दिवसात बेकार झाली.

सरकारी हिशोबही लक्षात ठेवा. २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि मायनिंगसाठी केलेला मशीनचा वगैरे खर्च त्यातून वजा धरता येत नाही, असं सरकारने संसदेत स्पष्ट केलंय. कायद्याच्या वहीतही 'वीज वजा जाता' ही ओळ नाही.

कापूस गेला, आकडा राहिला

आता थोडं मागे जाऊ, आपल्याच वऱ्हाडात. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध होतं, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळले. तेव्हापासून दूरदेशच्या भावावर आपलं घर चालतं, हे वऱ्हाडी माणसाला कोणी शिकवावं लागत नाही.

याच कापसाच्या भावावर पुढे मुंबईत जुगार सुरू झाला. न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस किती भावाने उघडला, कितीवर बंद झाला, तो आकडा तारेने यायचा आणि लोक त्यावर पैसे लावायचे. १९६१ मध्ये ते आकडे येणं थांबलं. जुगार थांबला का? नाही. मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले. मटका हे नाव तिथून आलं. कापूस गेला, आकडा राहिला.

मायनिंगचंही तसंच झालं. घरच्या यंत्रावरचं खरं काम गेलं, बटण राहिलं.

२०१५ च्या सुमारास अमित भारद्वाजने गेनबिटकॉइन सुरू केलं. तुम्हाला मशीन नको, वीज नको, तुमच्या वतीने आम्ही मायनिंग करू, १८ महिने दरमहा १० टक्के बिटकॉइन देऊ. आता वर सांगितलेलं आठवा. अवघडपणा वाढत जातो, वाटा घटत जातो. मग १८ महिने ठरलेलं उत्पन्न मायनिंगमधून येईलच कसं? पुढे लोकांना बिटकॉइनऐवजी त्यांचंच एमकॅप नावाचं टोकन मिळायला लागलं. पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये भारद्वाजला अटक केली, जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. प्रकरण पुढे सीबीआयकडे गेलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर छापे पडले, त्यात पुणे होतं, नांदेड होतं, कोल्हापूर होतं. इतक्या वर्षांनी. इंजिनिअर, डॉक्टर, व्यापारी सगळे फसले होते. अडाणी होते म्हणून नाही. खर्चाची बाजू कोणी दाखवलीच नाही म्हणून.

फोनचं काय? २०१८ च्या जून-जुलैमध्ये ॲपल आणि गुगल दोघांनीही फोनवर मायनिंग करणाऱ्या ॲपना मनाई केली. बॅटरी तापते, फोन मरतो, हाती काही लागत नाही. मग १४ मार्च २०१९ ला पाय नेटवर्क आलं. दिवसातून एकदा बटण दाबायचं, ओळखीचे लोक जोडले की वेग वाढतो. त्यात फोन आकडे शोधत नाही. शब्द तेवढा 'मायनिंग' आहे.

तर भाऊ, निघते काय?

मोबाईलवर बिटकॉइन निघत नाही. आणि कोणी 'मायनिंग'चं ॲप दाखवलं तर तीन गोष्टी विचारा. आकडे शोधणारं यंत्र कोणाचं आणि कुठे आहे? त्याचं वीजबिल कोण भरतंय? आणि माणसं जोडल्यावर कमाई का वाढते? विहिरीचा नियम तर उलटा आहे, माणसं वाढली की वाटा घटतो.

मला आज कोणी सोपं मायनिंग ॲप बनव म्हटलं, तर पहिल्या पडद्यावर मी मागच्या वीजबिलाचा फोटो मागीन. त्यावरून टप्पा काढीन, वजाबाकी करीन आणि बटणाच्या वर मोठ्या अक्षरात उत्तर दाखवीन. आपल्याकडच्या दरात ते उत्तर बहुतेक वेळा 'बंद ठेवा' असंच येईल. असं ॲप कोणी डाउनलोड करणार नाही, हे मला माहीत आहे.

मामेभाऊ आजही लग्नाचे व्हिडिओ करतो, कूलर आता कॉम्प्युटरच्या खोलीत नसतो. मामा मात्र प्रत्येक बिलाचा फोटो मला पाठवतात. खाली काही लिहीत नाहीत. मीही प्रत्येक वेळी युनिट मोजून 'बरोबर आहे मामा' एवढंच कळवतो.

भेटू पुढच्या भागात. तोवर आपापलं बिल एकदा उघडून टप्पे बघून घ्या. राम राम!