नासरेथ: गालीलची पेठ आणि खंडणीचा अंमल

गालील प्रांतातील नासरेथ हे नगर बायबलामुळे सर्वतोमुखी झाले असले, तरी भोवतालच्या अरब खेड्यांच्या लेखी ते तीर्थक्षेत्राहून अधिक पेठेचे, कचेरीचे आणि औषधोपचाराचे ठिकाण आहे. उस्मानी महसुलाचे मक्ते घेत उदयास आलेल्या जाहिर अल-उमरने अठराव्या शतकात गालीलचे रस्ते निर्वेध केले, मुसलमानांबरोबर ख्रिस्ती रयतेसही येथे वसण्यास अभय दिले आणि ‘सराया’ ही कचेरी उभारली; त्या स्थैर्यातून या डोंगराळ गावास नगराचे रूप येत गेले. 1861 मध्ये कालूस्त वार्तान या आर्मेनियन वैद्याने येथे रुग्णसेवेचा पाया घातला, आणि आजही आसपासच्या खेड्यांतील आजारी माणूस नासरेथचीच वाट धरतो.

16 जुलै 1948 रोजी इस्रायली सैन्याने नगर घेतले, तेव्हा रहिवाशांना हुसकावण्याचा हुकूम बेन डंकेलमन या सेनाधिकाऱ्याने मानला नाही, म्हणूनच ते वसते राहिले. आणि सफ्फुरिया, मुजैदिल अशा उद्ध्वस्त गावांतील निर्वासित त्याच्या आश्रयास आले. पुढे 1966 पर्यंत लष्करी अंमल होता. परवान्यावाचून प्रवास नव्हता. 1957 मध्ये शेजारच्या उंचवट्यावर, सरकारने संपादिलेल्या जमिनीवर, ज्यूंसाठी नवे शहर वसविण्यात आले, आणि खालच्या जुन्या नगरास वाढावयास जागाच उरली नाही. 1975 मध्ये नगराध्यक्ष झालेले कवी तौफीक जय्याद यांनी पुढल्याच वर्षी, 30 मार्च 1976 रोजी, भूसंपादनाविरुद्धच्या संपाचे नेतृत्व केले. त्या दिवशी 6 अरबांचे प्राण गेले.

आज त्याच प्रदेशावर दुसरेच संकट आहे. 2023 साली इस्रायलच्या अरब समाजात 230हून अधिक माणसे खुनास बळी पडली, म्हणजे आदल्या वर्षाच्या सुमारे दुप्पट; 8 जून रोजी नासरेथला लागून असलेल्या याफा गावात मोटारी धुण्याच्या एका ठिकाणी एकाच वेळी 5 जण गोळ्यांनी मारले गेले. घरे विनापरवाना, जमिनीचे दस्तऐवज अपुरे, म्हणून बँक कर्ज देत नाही. मग गुन्हेगारी टोळ्यांच्या सावकारीचा फास गळ्याभोवती आवळतो, दुकानदारापाशी खंडणीचा तगादा लागतो, आणि लष्करी कोठारांतून चोरलेल्या बंदुका त्या तगाद्यास बळ देतात. ज्या सरकारने जमीन मोजण्यात कधी दिरंगाई केली नाही, त्याच्या फौजदारी यंत्रणेस अरबांच्या खुन्यांचा माग मात्र क्वचितच लागतो. हा पक्षपात अक्षम्य आहे, असे मला निःसंशय वाटते.

सरकारी यंत्रणेवाचून वैर मिटविण्याची ‘सुल्हा’ ही या मुलखातील जुनी रीत. प्रतिष्ठित वृद्ध मृताच्या घरी जातात, काही काळ शस्त्रसंधी मागतात, रक्ताची भरपाई ठरवितात, आणि अखेर दोन्ही कुळे चारचौघांत हस्तांदोलन करून एका पंक्तीस जेवतात. ही रीत पुष्कळदा कोर्टाहून प्रभावी ठरली, कारण प्रत्येक मारेकऱ्यामागे त्याच्यासाठी जामीन राहणारे कुळ उभे असे. आज मात्र मुखवटा घालून, पैसे घेऊन गोळी झाडणाऱ्यासाठी जामीन राहावयास कोणतेच कुळ पुढे येत नाही.