याचं कोण आहे?

मार्च 1897. मुंढवा. आज जिथं कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, तिथं तुमच्या पायाखाली ढेकळं आहेत. एका अंगाला मुळा-मुठेचा उथळ प्रवाह आणि समोर, गावापासून लांब ठेवलेला महारवाडा. लोक घरं सोडून उघड्यावर आलेत. चार काठ्या रोवून वर पाचट टाकलं की झोपडी झाली. घरात उंदीर पडला की घर सोडायचं, एवढं आता सगळ्यांना कळलंय. का सोडायचं, ते कुणालाच माहीत नाही. उंदरावरच्या पिसवांतून प्लेग माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर पुढच्या वर्षी दाखवून देणार आहे. तुम्हाला ते आत्ताच ठाऊक आहे. सांगून बघा. एक म्हातारी तुमच्याकडे निरखून बघते आणि विचारते, “सरकारी का?” तुम्ही मान हलवायच्या आत ती झोपडीचं दार म्हणून लावलेलं पोतं खाली सोडते.

या गावकुसाबाहेरच्या माणसाला रोगाइतकीच सरकारचीही भीती वाटते. 4 फेब्रुवारीला कलकत्त्यात साथरोगांचा कायदा झालाय. मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस या गोवेकर डॉक्टरानं गेल्या सप्टेंबरात प्लेग ओळखला, तेव्हापासून आगगाडीच्या स्टेशनांवर माणसांच्या काखा आणि जांघा चाचपणं चालू आहे. प्लेग आवरायला सरकारनं नेमलेले रँडसाहेब पुण्यात येऊन दोन-तीन आठवडे झालेत. घराघरांत सोजीर घुसायचे आहेत, पण त्यांच्या आधी त्यांची वार्ता पोचलीय.

पोत्याच्या फटीतून आत बघा. गोधडीवर एक पोरगा पडलाय, दहाएक वर्षांचा. उजवा पाय गुडघ्यात मुडपून धरलाय, कारण सरळ केला की जांघेतली गाठ ताणली जाते. ओठांना पापुद्रे आलेत. डोळे उघडे आहेत, पण ते तुमच्यावर ठरत नाहीत. पांडुरंग बाबाजी गायकवाड यांचा हा मुलगा. याच्या अंगाला हात लावायला आता गावातलं कोण येणार? शिवाशिवीची भीती आधीची होती, तिच्यात रोगाची भीती मिसळली. दोन्ही भीत्या एकमेकींना फार सोयीच्या पडतात.

तेवढ्यात वाटेवरून एक बाई येतात. वय सहासष्ट. डोक्यावरचा पदर घट्ट खोवलेला. झोपडीसमोर थांबतात, वाकून आत जातात, पोराच्या कपाळाला हात लावतात. मग पाठमोऱ्या बसून त्याचे हात आपल्या खांद्यावरून पुढे घेतात आणि उठतात. पहिल्या झटक्यात उठवत नाही. दुसऱ्यांदा उठतात. तुम्ही पुढे धावता, पण काळाच्या या बाजूला तुमच्या हातांना वजन पेलत नाही, तुम्हाला फक्त बघता येतं. म्हातारी पोतं बाजूला करून बाहेर आलीय. “काकू,” एवढंच म्हणते. सत्यशोधकांच्या घराघरांत सावित्रीबाई फुल्यांना याच नावानं हाक मारतात.

मुंढव्याहून हडपसरची वाट. पाठीवर तापानं फणफणलेलं पोर असलं की ती संपत नाही. त्यांच्यामागून चालताना तुम्हाला त्यांच्या मानेवर टेकलेलं ते डोकं दिसतं, प्रत्येक पावलाला हिंदकळणारं. त्याचा श्वास त्यांच्या मानेवर येत असणार. गाठीचा प्लेग फुप्फुसात उतरला की श्वासातूनही पसरतो. तुम्हाला मास्क आठवतो. हात खिशाकडे जातोसुद्धा.

ही बाई कुठं निघालीय, ते नीट समजून घ्यायला हवं. ससाणे मळ्यात एक दवाखाना मांडलाय. तो चालवणारा डॉक्टर यशवंत हा त्यांचा मुलगा आहे. त्यांच्या पोटचा नव्हे. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, पण मारू नये, एवढीच त्यामागची कल्पना होती. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेनं 1874 च्या सुमारास जन्म दिलेला मुलगा या दांपत्यानं आपला म्हणून वाढवला. तोच पुढे डॉक्टर झाला. एरवी विहिरीत किंवा उकिरड्यावर गेलं असतं ते मूल आता गावाबाहेरच्या मळ्यात प्लेगच्या रोग्यांना तपासतंय, आणि त्याची आई पाठीवरून आणखी एक मूल त्याच्याकडे आणतेय.

याला योगायोग म्हणू नका. 1877 च्या दुष्काळातही ही माणसं हेच करत होती. धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून सत्यशोधक समाजानं उपाशी मुलांना भाकरी घातली होती. पोराकडे बोट दाखवून “याचं कोण आहे?” असं गावात विचारतात, तेव्हा उत्तरादाखल पुढे यायची सवय त्यांना चाळीसेक वर्षं लागलेली आहे. त्यागाच्या गोष्टी सांगताना आपण ही सवय विसरतो. पाठीवर पोर घेतलेल्या बाईचं चित्र काढणं सोपं आहे. वाटेच्या शेवटी दवाखाना उभा असणं अवघड असतं. दवाखाना नसता, तर ही वाट नुसती पायपीट ठरली असती.

मळ्यात पोचल्यावर पोराला खाली उतरवतात. त्यांच्या लुगड्याची पाठ भिजून चिकटलीय, त्याच्या घामानं आणि स्वतःच्याही. प्लेगवर औषध कुणाकडेच नाही. मुंबईत हाफकिननं लस तयार करून 10 जानेवारीला स्वतःलाच टोचून पाहिलीय, पण आधीच आजारी पडलेल्याला तिचा उपयोग नाही. इथं आहे ती शुश्रूषा: पाणी, सावली, गाठीवर शेक आणि उशाशी माणूस. पुढच्या शतकात प्रतिजैविकं येईपर्यंत एवढ्यावरच भागवायचंय.

10 मार्चला सावित्रीबाई प्लेगनं गेल्या.

तीन दिवसांनी, 13 मार्चला, पुण्याच्या पेठांत झडत्या सुरू झाल्या. तिथंही जाऊन या, पण फार वेळ थांबू नका, कारण त्या बोळात उभं राहवत नाही. सोजिरांची एक तुकडी वाड्यात शिरते. तांब्यापितळ्याची भांडी अंगणात येतात, अंथरुणं जाळली जातात, भिंतींना चुना मारला जातो. एका खोलीत आजारी बाई सापडते. तिला इस्पितळात न्यायचं, घरातल्या बाकीच्यांना कारंटीनच्या छावणीत. कागदावर हा नियम चोख आहे. रोगी एकीकडे, रोग्याच्या सहवासातले दुसरीकडे. पण त्या बाईच्या कडेला दीड वर्षाचं मूल आहे. ते कुठं जाणार? ते रोगी नाही आणि आईवाचून राहूही शकत नाही. पलीकडच्या घरात कुणीतरी तापलेल्या पोराला माळ्यावर गोधड्यांखाली दडवतंय. आईवडील आपलं पोर रोगाच्या हाती सोपवायला तयार आहेत, सरकारच्या हाती नाहीत. सार्वजनिक आरोग्याची व्यवस्था याहून जास्त काय हरणार?

रँड क्रूर होता की कर्तव्यकठोर, यावर आपण अजून भांडतो. जूनमध्ये गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याच्यावर चापेकरांच्या गोळ्या सुटल्या, ते तुम्हाला शाळेत शिकवलंय. या झडत्यांत कोणतं मूल कुणापासून तुटलं, हे कुणी शिकवलं नाही.

तरी एका मुलीची हकीकत छापली गेली, कारण तिच्यासाठी भांडणारं कोणीतरी होतं. पंडिता रमाबाईंच्या संस्थेतली एक मुलगी प्लेगच्या सरकारी इस्पितळात नेली गेली आणि परत आली नाही. रमाबाईंनी मे 1897 मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून हे चव्हाट्यावर आणलं. रोगानं नव्हे, तर देखरेखीच्या नावाखाली आपली मुलगी हिरावली गेली, असा त्यांचा आरोप होता. सरकारनं तो फेटाळला. पण “ती माझी मुलगी होती, ती कुठं आहे?” असं सरकारला जाहीरपणे विचारणारं माणूस त्या वर्षी पुण्यात होतं, हे कागदावर राहिलं. जिच्यासाठी असं विचारणारं कुणी नव्हतं, तिचं काय झालं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आता दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसा आणि केडगावला उतरा. माळरान, नव्यानं लावलेली झाडं, त्यांच्यामध्ये तंबू आणि घाईनं उभारलेल्या छपऱ्या. मध्य प्रांतात दुष्काळ पडलाय, तिथून रमाबाईंनी मुली आणि विधवा आणल्यात. पुण्यात प्लेगमुळे इतक्या नव्या मुली ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली, म्हणून शेतीसाठी घेतलेल्या या जमिनीवर बिऱ्हाड आलंय. दुष्काळ मुलांना घराबाहेर काढतो आणि साथ त्यांना गावात शिरू देत नाही. या दोहोंच्या मधल्या जागेला त्या वर्षी केडगाव हे नाव होतं.

जेवणाची पंगत बसलीय. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीकडे बघा. पानात भाकरी पडताच ती आधी अर्धी तोडून ओच्यात सरकवते आणि मग खायला लागते. उद्या मिळेलच, असं तिला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. शेजारी बसलेली मोठी मुलगी हे बघते आणि रागवत नाही. रमाबाईंच्या पुण्यातल्या शारदा सदनातल्या जुन्या मुलींच्या हाताखाली नव्या मुली दिल्यात. वेणीफणी, अंघोळ, खरूज धुणं, रात्री दचकून उठलेलीला जवळ घेणं ही सगळी कामं त्यांच्याकडे. शेकडो मुलींची संस्था चालते ती छपराच्या जोरावर नाही, या वाटणीच्या जोरावर. हिला कोण बघतंय, याचं उत्तर नावानिशी देता यायला हवं.

रमाबाईंना हे शिकवायला कुणी लागलं नाही. 1874 च्या सुमारास उपासमारीत त्यांचे आईवडील गेले तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. त्यांची कीर्ती मोठी, आणि त्यांच्यावरचा रागही मोठा. मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून पुण्यानं त्यांना नावं ठेवली. त्या आक्षेपावर वाद घालायला जागा आहे, मी ती नाकारत नाही. फक्त या पंगतीत उभं राहून एवढंच दिसतं की मुलींच्या धर्माची काळजी करणाऱ्यांपैकी फार थोडे त्यांना आणायला मध्य प्रांतात गेले होते.

परतीच्या वाटेवर 1905 ला एक थांबा घ्या. प्लेग अजून हिंडतोच आहे, दर हिवाळ्यात परततो. 13 ऑक्टोबरला डॉ. यशवंत फुले त्याच रोगानं गेले. मागे पत्नी चंद्रभागा आणि लहान मुलगी. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना “हे आमचं” म्हटलं, त्या घरातलं पोर उघड्यावर आलं. पुढे चंद्रभागाबाईंना राहतं घरही विकावं लागलं. व्यक्तीच्या पुण्याईवर चाललेल्या कामाची ही किंमत आहे. माणूस गेलं की दार बंद. म्हणून ती वाट पाठीवरून पोर नेणाऱ्याच्या दमावर सोडून चालत नाही, कायद्यात, खर्चाच्या तरतुदीत आणि रोज भरायच्या रजिस्टरात यावी लागते.

आता मे 2021. हे तुमचंच घर, तुमचाच फोन. ऑक्सिजनच्या निरोपांमध्ये एक वेगळा निरोप येतो. दोन लहान मुलं, आईबाप कोविडनं गेले, कुणाला दत्तक हवी असतील तर या नंबरवर बोला, पुढे पाठवा. तुम्हाला गलबलतं. अंगठा आपसूक बाणाकडे जातो. त्या महिन्यात असे निरोप इतके फिरले की ही सरळसरळ मुलांच्या खरेदी-विक्रीची वाट ठरू शकते, असा इशारा केंद्र सरकारला द्यावा लागला.

या वेळी निदान कागदावर उत्तर तयार होतं. जिल्ह्याजिल्ह्यांत कृतिदलं झाली. दोन्ही पालक गमावलेल्या मुलाच्या नावे महाराष्ट्र सरकारनं पाच लाखांची ठेव ठेवायचं ठरवलं. एक पालक गेलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आधीपासून होती, आणि अशीच मुलं जास्त होती, बहुतेकांचे वडील गेले होते. 1897 च्या मानानं हे फार आहे. पण योजना घरी चालत येत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही, आईचं बँकेत खातं नाही, मूल मामाकडे दुसऱ्या जिल्ह्यात गेलंय, अशा क्षुल्लक दिसणाऱ्या अडचणींत हक्क अडकतो. तिथं अंगणवाडीताईसारखी कुणीतरी कागदांची पिशवी घेऊन तहसीलला खेपा घालते, तेव्हा ते मूल खरंच कुणाचं तरी होतं.

पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही, आणि मुलं एकटी पडायला साथच लागते असंही नाही. तेव्हा असा निरोप आला तर पुढे पाठवू नका. 1098 ला फोन लावा. तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो. मुलाला परस्पर कुणाच्या हाती देऊ नका आणि स्वतःही घेऊ नका. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे त्याला न्यावं लागतं, दत्तकाची वाट तिथून सुरू होते. आणि तुमच्या गल्लीत ज्या घरातला कर्ता माणूस गेला असेल, तिथं जाऊन बालसंगोपनाचा अर्ज भरलाय का, एवढं विचारा. नसेल तर सोबत बसून भरा.