घुमारा आणि प्रतिध्वनी: एका पेडलचा पूर्वेतिहास

गिटारच्या स्वराला विशाल सभागृहाचा घुमारा आणि डोंगरकड्याचा प्रतिध्वनी ही दोन्ही लेणी एकाच वेळी चढवणारे, चार नॉबांचे आणि तळहातावर मावणारे पेडल आज वाद्यांच्या दुकानात सहज मिळते. परंतु ज्यांना वादक रिव्हर्ब आणि डिले म्हणतात ते हे दोन गुण एका पेटीत नांदू लागण्यापूर्वी निरनिराळ्या कुळांत वाढले, आणि त्या कुळांची हकिकत ठाऊक असली म्हणजे असे पेडल पसंत करताना नेमके काय पारखावे याचाही उलगडा होतो.

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. दूरच्या कड्यावर आपटून तो स्पष्टपणे परतला म्हणजे प्रतिध्वनी होतो. उलट, दगडी गाभाऱ्यात भिंती, छत आणि फरशी यांवरून तो असंख्य वेळा, इतक्या दाटीने परततो की कानाला ती परावर्तने पृथक् ओळखता येत नाहीत, आणि मूळ स्वर थांबल्यावरही त्याचा क्षीण होत जाणारा निनाद काही काळ उरतो. या दोहोंचे अनुकरण करण्यास यंत्रविद्या सरसावली तेव्हा तिला दोन भिन्न वाटा धराव्या लागल्या, याचे कारण हेच.

लॉरेन्स हॅमंड यांचा विजेवर चालणारा ऑर्गन १९३५ साली बाजारात आला. चर्चमध्ये भारदस्त वाटणारा स्वर गालिचे अंथरलेल्या दिवाणखान्यात कोरडा पडतो, अशी अडचण उभी राहिली, तेव्हा दूरध्वनीच्या लांब तारांतील विलंबाच्या अभ्यासासाठी बेल प्रयोगशाळेने केलेली स्प्रिंगांची तजवीज हॅमंड यांच्या कारखान्याने उचलली आणि तिच्यातून घुमारा काढला. शिकागोत बिल पुटनम यांनी १९४७ साली हार्मोनिकॅट्स या त्रिकुटाच्या ध्वनिमुद्रणात स्टुडिओच्या स्नानगृहाचाच उपयोग केला: आत ध्वनिक्षेपक ठेवायचा, गुळगुळीत भिंतींवर घुमलेला आवाज मायक्रोफोनने टिपायचा आणि मूळ वादनात मिसळायचा. पुढे १९५७ साली जर्मनीतील ई.एम.टी. कंपनीने सुमारे दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा चौकटीत ताणून त्यातून घुमारा काढला; त्याचा नाद अतिशय सुंदर, परंतु यंत्राचे वजन सुमारे २७० किलो, सबब फिरत्या वादकाला त्याचा उपयोग शून्य. गिटारवाल्यांच्या वाट्याला आल्या त्या हॅमंडच्या स्प्रिंगाच. फेंडर कंपनीने १९६१ साली त्यांची स्वतंत्र पेटी काढली आणि १९६३ साली त्या अँप्लिफायरच्या पोटात बसवल्या. अँप्लिफायरला चुकून धक्का लागला की त्या आतून खणखणत आणि सारे सभागृह दचके.

प्रतिध्वनीचे कूळ चुंबकीय फितीचे. फितीवर एका ठिकाणी स्वर नोंदवायचा आणि दोन इंच पुढे तो वाचायचा. फीत सेकंदाला १५ इंच सरकत असेल तर तो सुमारे १३३ मिलिसेकंद उशिराने ऐकू येतो, आणि तोच पुन्हा मागे पाठवला की आवर्तनांची मालिका सुरू होते. मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स यांनी अशाच झटपट परतणाऱ्या प्रतिध्वनीने १९५४ सालच्या रॉकअबिली संगीताला त्याची ओळख दिली. इलिनॉयमधील रे बट्स यांनी हे फितीचे यंत्र अँप्लिफायरमध्येच बसवले, आणि १९५९ च्या सुमारास ओहायोतील अ‍ॅक्रनच्या माइक बॅटल यांनी एकोप्लेक्स ही सुटी पेटी सिद्ध केली, जिच्यात फितीवरचे शीर्ष सरकवून अंतर, आणि त्यायोगे काळ, बदलता येई.

या दोन कुळांचा चिरस्मरणीय संयोग १९७४ साली जपानमध्ये झाला. इकुतारो काकेहाशी यांच्या रोलंड कंपनीने आरई-२०१ स्पेस एको या यंत्रात फीत आणि स्प्रिंगा एकत्र आणल्या, आणि वादकापुढे बारा स्थानांचे एक चक्र ठेवले: काही स्थानांवर केवळ प्रतिध्वनी, काहींवर दोन्ही, अखेरच्या स्थानावर नुसता घुमारा. कोणते मिश्रण कानाला रुचते याचा पुष्कळसा निवाडा कारखान्यातच झालेला होता, आणि वादकाने चक्र फिरवून पसंती तेवढी द्यायची होती. माझ्या मते साध्या पेडलचे सारे तत्त्व या चक्रात आले आहे.

फितीची झीज आणि स्प्रिंगांचा नाजूकपणा यांतून सुटका केली ती इलेक्ट्रॉनिक विद्येने. फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर यांनी १९६९ साली जी युक्ती काढली, तिच्यात आग विझवणारे लोक पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात तसा विद्युतभार एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकत जातो व विलंब निर्माण होतो. घुमाऱ्याचे गणित बेल प्रयोगशाळेतील मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांतच मांडले होते. ते गणित करणारी चिप स्वस्त झाली तेव्हा पावणेतीनशे किलोंचे काम पायाखालच्या डबीत आले.

एकोप्लेक्सच्या त्याच अ‍ॅक्रन शहरात आज अर्थक्वेकर डिव्हायसेस ही कंपनी डिस्पॅच मास्टर नावाचे पेडल बनवते. त्यावर नॉब चारच: विलंबाचा काळ, आवर्तने, घुमारा आणि मिश्रण. असे पेडल हाती घेताना प्रथम पाहावे ते हे, की डिले शून्यावर आणून नुसता घुमारा, आणि घुमारा बंद करून नुसता डिले मिळतो का. या पेडलमध्ये तो मिळतो. मिश्रणाचा नॉब दोहोंना सामाईक असला तर एकाला मागे सारताना दुसराही मागे सरतो, ही मर्यादा आपल्या वादनाला चालेल का, हे दुकानातच वाजवून ठरवावे. प्रतिध्वनी आधी आणि घुमारा मागाहून, असा क्रम असेल तर प्रत्येक आवर्तन त्याच सभागृहात उमटल्यासारखे वाटते; क्रम उलटा झाला तर निनादाचीच आवर्तने होतात आणि स्वर गढूळ होऊ शकतो. आपल्या अँप्लिफायरमध्ये स्प्रिंगा असतील तर घुमाऱ्यावर घुमारा चढतो, याचाही विचार व्हावा.

नॉब थोडे म्हणून पेडल हलक्या प्रतीचे, हा समज इतिहासाला धरून नाही. पुटनम यांच्या स्नानगृहाला एकही नॉब नव्हता आणि सॅम फिलिप्स यांच्या फितीला विलंब एकच होता. त्या अल्प साधनांतून जे संगीत घडले ते कान लावून ऐकणाऱ्या माणसांनी घडवले. ज्याने आपल्याला कोणता अवकाश हवा हे आधी मनाशी ठरवले आहे, त्याला चार नॉब पुरतात. ते ज्याने ठरवलेले नाही, त्याची निवड चाळीस नॉबांनीही होणार नाही.