जालन्याची मंडळी आणि तिचे पाळक

पूर्णा जंक्शनवरून मनमाडकडे निघालं की परभणी, सेलू, परतूर आणि मग जालना. आज बोलायचंय ते या जालन्याच्या प्रेस्बिटेरियन मंडळीबद्दल. रेल्वे आली ती 1900 च्या सुमारास. मंडळी तिच्याही आधीची.

गोष्ट सुरू होते मुंबईत, 1843 साली. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहिला होता. वडील कोर्टात गेले, आणि मुलगा लहान म्हणून कोर्टाने त्याला त्यांच्या हवाली केलं. पुढचं आपण शाळेत वाचलेलं असतं: प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, आणि ब्राह्मणवर्गात तट पडले. इतिहासाची पुस्तकं इथंच थांबतात. थोरल्या भावाचं काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही!

त्याच 1843 मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटून फ्री चर्च निघालं. डॉ. जॉन विल्सन तिकडे गेले, आणि नारायणही. 1854 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढच्या दशकात ते निजामाच्या राज्यात, जालन्याला आले. इथं मंडळीत आले ते मुख्यतः मांग, म्हणजे आजचा मातंग समाज. दोर वळायचे, गावकीची कामं करायची, आणि वेशीबाहेर राहायचं.

आता प्रेस्बिटेरियन म्हणजे काय? ग्रीकमध्ये ‘प्रेस्बिटर’ म्हणजे वडील. या पंथात बिशप नसतो. मंडळी आपले वडील निवडते, आणि कारभार पाळक नि वडील मिळून पाहतात. म्हणजे बघा, गावच्या पंचायतीत ज्याला बसायला जागा नाही, त्याला इथं ब्राह्मण घरात जन्मलेल्या पाळकाशेजारी बसून निर्णय करायचा हक्क. माझ्या मते, उपदेशापेक्षा ही घटनाच जास्त बंडखोर होती.

पण निव्वळ हक्काने पोट भरत नाही. धर्म बदलला की गावकीतलं बलुतं धोक्यात येणार. शेषाद्रींनी हे ओळखलं. सालारजंगांच्या काळात निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं. तिथं देऊळ, शाळा आणि मुख्य म्हणजे शेती होती. या कामासाठी ते परदेशीही फिरले. 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत होते. 1891 मध्ये अशाच प्रवासात समुद्रावर त्यांचं निधन झालं.

नावं पुढे बदलत गेली. 1924 मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी झाली, आणि 1970 मध्ये ती चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली. पाटीवरून ‘प्रेस्बिटेरियन’ शब्द गेला.