रामशास्त्री आणि वडगावचा कैदी

लोणावळ्याहून पुण्याकडे येताना कार्ले मागे पडले की थोड्याच वेळात वडगाव मावळ लागते. जानेवारी १७७९ मध्ये रघुनाथरावाला गादीवर बसविण्यासाठी निघालेली इंग्रज फौज याच वाटेने आली होती. ४ जानेवारीला कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट पडला. ‘इष्टुर फाकडा’ म्हणून तो मावळाच्या आठवणीत राहिला, आणि आमच्या विद्यार्थ्यांनाही तो ठाऊक असतो. पण त्या फौजेसोबत पेशवाईतला एक जुना खटलाही घाट चढून आला होता, याची आठवण सहसा कोणी काढत नाही.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि खुद्द सत्ताधीश रघुनाथरावालाच, या पातकाला देहान्त प्रायश्चित्तच आहे, असे सांगितले. मग पद सोडून ते वाईच्या बाजूला एका खेड्यात जाऊन राहिले. ग्रँट डफने ही हकीकत आपल्या इतिहासात नोंदवली. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने (१९०९) ती रंगभूमीवर आणली, तर प्रभातच्या ‘रामशास्त्री’ने (१९४४) पडद्यावर.

इंग्रजी वाङ्मयाच्या वर्गात टॉमस मोर शिकवताना आम्हांला हटकून रामशास्त्री आठवतात. मोरही कायदेपंडित आणि राज्यकारभारी. राजाच्या बाजूने बोलायचे नाही म्हणून त्याने १५३२ मध्ये पद सोडले आणि मौन धरले. मौन म्हणजे संमती, या कायद्यातल्या सूत्राचा त्याने आधार घेतला. तरी १५३५ मध्ये शिरच्छेद टळला नाही. रामशास्त्र्यांनी मौनाचा आडोसा घेतला नाही. ते बोलले, आणि जिवंत राहिले.

नाटक त्यांच्या निघून जाण्यावर रंगते, ते स्वाभाविकच आहे. आम्हांला मात्र त्यांचे परत येणे अधिक अवघड वाटते. बारभाईंच्या कारभारात ते पुन्हा न्यायासनावर बसले. इकडे वडगावला कोंडीत सापडलेल्या इंग्रजांनी जानेवारीच्या मध्यास तह केला आणि रघुनाथराव महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाला. ज्याच्यावर निर्णय झाला होता तो माणूस आता राज्याच्या हाती होता! तरी देहान्ताचा विषय निघाला नाही. त्याला झाशीकडे रवाना करण्यात आले आणि वाटेतून तो निसटला. तहावर सह्या करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता, असे म्हणत इंग्रजांनीही तो तह झुगारला.

रामशास्त्र्यांनी आता दुसऱ्यांदा पद सोडायला हवे होते काय? आमच्या मते नाही. न्यायाधीशाने निर्णय सांगायचा, अंमल राजसत्तेने करायचा. १७७३ मध्ये निर्णय ऐकणारा आणि अंमल करणारा एकच, तोही स्वतः अपराधी. तिथे न्यायासनाला अर्थच उरला नव्हता. १७७९ मध्ये कसूर झाली ती कारभाऱ्यांच्या हिशेबीपणाची. हा भेद रंगभूमीला पेलणारा नाही, हे मान्य.

साल्बाईच्या तहानंतर, १७८३ मध्ये, रघुनाथराव कोपरगावी वारला, शिक्षेने नव्हे. रामशास्त्री १७८९ मध्ये गेले.