इलेक्ट्रिक गिटारची प्रतिकृती : जुनी जपानी की नवी परवानाधारक?

इलेक्ट्रिक गिटारचे आज सर्वत्र दिसणारे आकार मुख्यतः १९५० ते १९६१ या अल्प काळात अमेरिकेत निश्चित झाले. फेंडर कंपनीची १९५० मधील ‘ब्रॉडकास्टर’ (१९५१ पासून ‘टेलिकास्टर’) आणि १९५४ ची ‘स्ट्रॅटोकास्टर’, तसेच गिब्सन कंपनीची १९५२ ची ‘लेस पॉल’ आणि १९६१ मध्ये आलेली व पुढे ‘एसजी’ या नावाने ओळखली गेलेली गिटार, हे ते मूळ नमुने होत. त्यांच्या त्या काळातील प्रती आता संग्राहकांच्या बाजारात गेल्या असून, १९५८ ते १९६० दरम्यान बनलेल्या ‘सनबर्स्ट’ रंगाच्या एका लेस पॉलला लाखो डॉलरची किंमत येते. त्याच कंपन्यांची आजची अमेरिकी बनावटीची वाद्येही भारतातील विद्यार्थ्याला वा हौशी वादकाला सहसा परवडत नाहीत. उरतो तो मार्ग प्रतिकृतीचा. आणि या मार्गावर माहितीपेक्षा दंतकथाच अधिक किमतीला विकल्या जातात.

‘प्रतिकृती’ या एकाच शब्दाखाली तीन भिन्न वस्तू येतात. मूळ कंपनीनेच आपल्या दुय्यम नाममुद्रेखाली काढलेली वाद्ये ही पहिली. फेंडरची ‘स्क्वायर’ आणि गिब्सनची ‘एपिफोन’ या त्या नाममुद्रा. मूळ आकार उचलून स्वतःच्या नावाने गिटार विकणाऱ्या स्वतंत्र उत्पादकांची वाद्ये ही दुसरी. टोकाई, ग्रेको आणि आयबानेझ यांच्या जुन्या जपानी गिटारी या वर्गातल्या. मूळ कंपनीचे नाव खोटेपणाने लावलेला बनावट माल हा तिसरा प्रकार. पहिल्या दोहोंमध्ये निवड करता येते, तिसऱ्यापासून सावध राहावे लागते.

दुसऱ्या प्रकाराला कायद्यात जागा कशी मिळाली, हेही पाहण्यासारखे आहे. फेंडरच्या तीन प्रसिद्ध आकारांची व्यापारचिन्हे म्हणून नोंदणी करण्यास अमेरिकेतील व्यापारचिन्ह मंडळाने २००९ मध्ये नकार दिला. हे आकार अनेक उत्पादक अनेक दशके वापरत आले असल्याने त्यांवरून एका विशिष्ट कंपनीची ओळख पटत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. मानेच्या टोकाचा, खुंट्या बसविलेला भाग म्हणजे हेडस्टॉक. त्याच्या आकारावरील हक्क मात्र कंपन्यांनी कसोशीने जपला आहे. त्यामुळेच धड हुबेहूब स्ट्रॅटोकास्टरचे, पण हेडस्टॉक निराळे, अशी वाद्ये बाजारात सर्रास दिसतात.

जपानचा उदय

फेंडर कंपनी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण समूहाच्या मालकीची झाली आणि गिब्सनची मालकी १९६९ मध्ये बदलून पुढे नॉर्लिन समूहाकडे राहिली. त्यानंतरच्या दशकात दोन्ही कंपन्यांच्या वाद्यांचा दर्जा घसरल्याची तक्रार वादकांत रूढ झाली. ती पोकळी जपानी कारखान्यांनी भरून काढली. नागानो प्रांतातील मात्सुमोतो शहराचा फुजीजेन हा कारखाना १९६० पासून तंतुवाद्ये बनवीत होता. आयबानेझ आणि ग्रेको या नाममुद्रांच्या अनेक गिटारी तेथेच तयार झाल्या. टोकाई ही कंपनी हामामात्सुची.

मात्र ‘जपानी’ म्हणजे उत्तम, हे समीकरण खरे नाही. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातील पुष्कळ जपानी ‘लेस पॉल’ बाहेरूनच तशा दिसतात. मूळ लेस पॉलची मान धडाला खाचेत डिंकाने जोडलेली असते; या प्रतींत ती फेंडरप्रमाणे स्क्रूने बसविलेली आढळते, आणि धड अखंड महोगनीऐवजी थर चिकटवलेल्या लाकडाचे असते. दशकाच्या अखेरीस चित्र पालटले आणि १९७८ ते १९८२ च्या सुमारास बनलेल्या प्रती रचनेतही मूळ वाद्याच्या पुष्कळ जवळ आल्या. टोकाई आणि ग्रेको यांच्या क्रमांकांत एक उपयुक्त खूण दडलेली आहे. त्यांतील आकडा बहुधा त्या काळची येनमधील किंमत सांगतो. टोकाईची ‘एलएस-८०’ म्हणजे ऐंशी हजार येनची, ग्रेकोची ‘ईजी-५००’ म्हणजे पन्नास हजारांची. एकाच वर्षी एकाच कंपनीने साधे आणि उंची अशी दोन्ही प्रकारची वाद्ये काढली होती, हे या आकड्यांवरून समजते. विक्रेता केवळ ‘जपानी, १९८०’ एवढेच सांगत असेल, तर त्याला क्रमांक विचारावा.

‘खटल्याची गिटार’

जुन्या जपानी प्रतींची किंमत चढविण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे विशेषण म्हणजे ‘लॉसूट’, अर्थात खटल्याची गिटार. या गिटारी इतक्या हुबेहूब होत्या की अमेरिकी कंपन्यांना न्यायालयात धाव घ्यावी लागली, अशी ही कथा. वस्तुस्थिती पुष्कळच मर्यादित आहे. गिब्सनच्या मालक नॉर्लिन समूहाने २८ जून १९७७ रोजी फिलाडेल्फिया येथील संघराज्य न्यायालयात एल्गर या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला; एल्गर ही आयबानेझची अमेरिकेतील वितरक. वाद होता तो हेडस्टॉकच्या आकाराचा. नाद, लाकूड किंवा कारागिरी यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. आयबानेझने तोवर तो आकार बदलायला सुरुवातही केली होती. पुढे १९७८ मध्ये प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले. टोकाई, ग्रेको किंवा अन्य कोणतीही नाममुद्रा या दाव्यात नव्हती. तरीही सत्तरच्या दशकातील कोणत्याही जपानी गिटारला हे लेबल लावून जादा रक्कम मागितली जाते. ती देण्यास कोणताही आधार नाही.

फेंडरने याहून व्यवहारी वाट निवडली. स्पर्धकाशी झगडण्याऐवजी कंपनीने १९८२ मध्ये कांडा शोकाई आणि यामानो या जपानी व्यापारी संस्थांसह ‘फेंडर जपान’ स्थापन केली आणि उत्पादन फुजीजेनकडेच सोपविले. ‘स्क्वायर’ हे नाव, एके काळी फेंडरने विकत घेतलेल्या तारा बनविणाऱ्या कंपनीचे, त्याच वेळी गिटारवर आले. ‘जेव्ही’ अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक असलेल्या त्या आरंभीच्या स्क्वायर गिटारी आज स्वतःच संग्राह्य वस्तू ठरल्या असून त्यांना परवडणाऱ्या म्हणणे आता कठीण आहे.

नव्या वाद्यांचा पर्याय

स्क्वायरची ‘क्लासिक व्हाइब’ मालिका आणि एपिफोनची २०२० मध्ये आलेली ‘इन्स्पायर्ड बाय गिब्सन’ मालिका ही सध्याच्या परवानाधारक प्रतिकृतींची ठळक उदाहरणे. उत्पादन इंडोनेशिया व चीनमध्ये होते. समान नावाच्या अमेरिकी वाद्याच्या तुलनेत किंमत साधारण पाव ते एकपंचमांश पडते. संगणकनियंत्रित यंत्रांमुळे मानेचा आकार आणि फ्रेटच्या खाचा यांत पूर्वीइतका चढउतार राहिलेला नाही. बचत दिसते ती खुंट्या, स्विच, पिकअप आणि शेवटच्या हातफिरवणीत.

निवड करताना काही मापे लक्षात ठेवणे पुरेसे आहे. फेंडर पद्धतीत तारेची कंपनलांबी २५.५ इंच, तर गिब्सन पद्धतीत सुमारे २४.७५ इंच असते. आखूड लांबीवर तारा किंचित सैल लागतात, म्हणून लहान हातांना किंवा स्वर ओढून वाजविणाऱ्यांना ती सोयीची वाटते. दुसरे माप फ्रेटबोर्डच्या गोलाईचे. जुन्या फेंडरवर ही त्रिज्या ७.२५ इंच होती, आणि काटेकोर जुन्या नमुन्याच्या प्रतींवर आजही ती आढळते. तीवर कॉर्ड सुखाने धरता येतात. परंतु तारा खाली बसवून वरच्या फ्रेटवर ओढल्यास स्वर मध्येच गुदमरतो. क्लासिक व्हाइबची त्रिज्या ९.५ इंच आणि लेस पॉलची १२ इंच असल्याने ही अडचण तेथे कमी होते. ऐतिहासिक अचूकता आणि वाजविण्यातील सुलभता या दोन्ही एकाच वाद्यात मिळतीलच असे नाही.

एका तपशिलात महाराष्ट्राच्या वाचकास ओळखीचे झाड भेटेल. फ्रेटबोर्डसाठी ब्राझीलचे शिसव दुर्मिळ झाल्यावर भारतीय शिसवाचा वापर वाढला. डाल्बर्जिया वंशातील सर्व वृक्षांवर ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण जानेवारी २०१७ पासून आले. त्यानंतर अनेक उत्पादकांनी पर्यायी लाकूड शोधले. आज स्क्वायर व एपिफोनच्या कित्येक प्रतींच्या वर्णनात ‘इंडियन लॉरेल’ लिहिलेले असते. हे लाकूड म्हणजे सह्याद्रीच्या रानांतला ऐन. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस या नियंत्रणातून सूट मिळाली. ब्राझिली शिसव मात्र १९९२ पासून कडक यादीत असून, त्याचा फ्रेटबोर्ड असलेले जुने वाद्य परदेशातून आणताना परवान्याचा प्रश्न उभा राहतो. मागवलेल्या वाद्याच्या किमतीत आयातशुल्क, कर, वाहतूक आणि विमा यांची भर पडते, हेही आधीच मोजावे.

पारख कशाची करावी

पिकअप, खुंट्या, स्विच, पोटेन्शिओमीटर हे सारे पुढे बदलता येते आणि फार खर्चही येत नाही. बिघडलेली मान मात्र वाद्याच्या किमतीहून महाग पडते. म्हणून पारख मानेपासून सुरू करावी. हेडस्टॉककडून ब्रिजच्या दिशेने एक डोळा मिटून पाहिल्यास मानेला पीळ असेल तर तो दिसतो. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि मान धडाला मिळते तेथील फ्रेटवर एकाच वेळी दाबली असता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली पातळ कार्डाएवढी फट असावी. मानेतील पोलादी दांडी, ट्रस रॉड, दोन्ही बाजूंना फिरते का, हे जुन्या वाद्यात अवश्य तपासावे. ती आधीच शेवटपर्यंत आवळलेली असेल तर पुढील दुरुस्तीला जागा उरलेली नसते. गिब्सन धर्तीच्या मानेचा हेडस्टॉक मागे कललेला असतो आणि पडल्यावर वाद्य प्रथम तेथेच तुटते. रंगाखाली लपविलेला सांधा तिरप्या उजेडात केसासारख्या रेषेने उघड होतो. असे वाद्य चांगले वाजूही शकते. मात्र त्याची किंमत तुटलेल्या वाद्याचीच असली पाहिजे.

त्यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून पाहावी. हे कंटाळवाणे काम दुकानात फार थोडे ग्राहक करतात. बाराव्या फ्रेटवरील दाबलेला स्वर आणि त्याच जागी केवळ स्पर्शाने काढलेला स्वर जुळत नसेल, तर ब्रिजवर तेवढी सुधारणा शक्य आहे का, ते विचारावे. गिटार ॲम्प्लिफायरला जोडून ऐकणे आवश्यक आहे, आणि शक्यतो भूजोडणी असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटवर. अन्यथा सॉकेटचा दोष गिटारच्या नावावर जमा होतो. एकेरी वेटोळ्याच्या पिकअपमध्ये थोडी गुणगुण असणे हा मात्र त्यांचा स्वभावच आहे.

भारतातील हवामान या साऱ्यात स्वतंत्र बाब ठरते. मुंबई, गोवा, कोलकाता येथील दमट हवेत मान वाकते आणि तारा गंजतात. नागपूर किंवा दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड आकसून फ्रेटची टोके कडेने बाहेर येतात व हाताला बोचतात. टोके घासणे आणि मान सरळ करणे ही कुशल कारागिराची साधी कामे आहेत. त्यामुळे अंदाजपत्रक आखताना पहिल्या सेटअपची रक्कम बाजूला ठेवावी. नवे वाद्यही दुकानातून क्वचितच पूर्ण जुळवलेले मिळते.

बनावट माल ओळखण्याची एकच अचूक खूण नाही. गिब्सनच्या ट्रस रॉडच्या टोकाला बाहेरून पाना लागणारी पितळी चाकी असते, बनावट प्रतींत बहुधा आतून ॲलन की लागते. झाकणाला गिब्सनवर दोन स्क्रू असतात, बनावटींवर पुष्कळदा तीन. अनुक्रमांक खराच उचललेला असू शकतो, म्हणून केवळ त्यावर भिस्त ठेवू नये. नामांकित कंपनीची नवी अमेरिकी गिटार दशांश किमतीत देऊ केली जात असेल, तर स्क्रू मोजण्याचीही गरज नाही. खोटे व्यापारचिन्ह लावलेला माल विकणे हा भारतात व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ अन्वये सहा महिने ते तीन वर्षांच्या कारावासास पात्र गुन्हा आहे. फसवणूक झालेला खरेदीदार तेच वाद्य ‘मूळ’ म्हणून पुढे विकू लागला, तर तोही त्या कक्षेत येऊ शकतो.